स्टोरीबोर्ड शूटिंगच्या आधी काढतात

बसा सगळे. मोबाइल बॅगेत ठेवा. तुमच्या भयपटांच्या फायली मी वाचून काढल्या आणि फिल्म्स पाहिल्या. गुण आज सांगणार नाही. गुण लावण्याआधी काही गोष्टी तुमच्या तोंडावर सांगणं भाग आहे. त्या ऐकायला बऱ्या वाटणार नाहीत, तरी शेवटपर्यंत ऐका.

पहिली गोष्ट खोटेपणाची. तुमच्यापैकी बहुतेक गटांनी स्टोरीबोर्ड शूटिंग झाल्यावर काढला आहे. मला कसं कळलं, असा प्रश्न काही चेहऱ्यांवर दिसतो आहे. एका फाइलमधल्या चित्रात जिन्याच्या कोपऱ्यात पाण्याची प्लास्टिकची बाटली काढलेली आहे. ती बाटली शूटिंगच्या रात्री तुमच्यापैकी कुणीतरी तिथे विसरलं आणि ती फ्रेममध्ये राहिली. शूटिंगच्या रात्री विसरलेली बाटली आठवडाभर आधीच्या कागदावर कशी येते? दुसऱ्या एका गटाने तर फिल्ममधली चित्रं मोबाइलवर थांबवून, त्यांचे स्क्रीनशॉट घेऊन, त्यावर पेन्सिलचा परिणाम चढवला आणि छापून चिकटवले. शॉट लिस्टमध्ये तारीख मागची टाकली. रेकीचे म्हणून लावलेले फोटो शूटिंगच्याच दिवसाचे आहेत, कारण त्यात तुमच्या नायिकेचा मेकअप झालेला दिसतो.

मला फसवलंत याचं मला फारसं दुःख नाही. वर्गात उभं राहणाऱ्या माणसाला हे सवयीचं असतं. राग याचा येतो, की तुम्ही स्वतःला फसवलंत, आणि तेही अशा प्रकारच्या चित्रपटात जिथे आराखड्याशिवाय एक पाऊल टाकता येत नाही. चांगला नट असेल तर घरगुती भांडणाचा प्रसंग बिनतयारीचाही कसाबसा निभावतो. विनोदी प्रसंगात एखादं वाक्य सुचलं तर वेळ मारून नेता येते. भयपटात तसं चालत नाही. प्रेक्षकाला काय आधी दाखवायचं, काय नंतर, आणि काय अजिबात दाखवायचं नाही, या क्रमावर भीती उभी असते. तो क्रम सेटवर रात्री दीड वाजता, सगळ्यांना भूक लागलेली असताना आणि रिक्षाचं भाडं कोण देणार यावर वाद चालू असताना सुचत नाही. तो कागदावर आधी ठरवावा लागतो.

‘सायको’चं नाव तुमच्या प्रत्येक फाइलमध्ये आहे. ‘आमच्यावर हिचकॉक यांचा प्रभाव आहे’ हे वाक्य मी इतक्यांदा वाचलं, की ते तुम्ही एकमेकांकडून उतरवून घेतलं हे उघड आहे. तो प्रभाव नेमका कसला, हे एकानेही लिहिलेलं नाही. मग मीच सांगतो. १९६० सालच्या त्या चित्रपटातला न्हाणीघरातला खून पडद्यावर पाऊण मिनिटाच्या आसपास चालतो. तेवढ्यासाठी सात दिवस चित्रीकरण झालं. ७८ कॅमेरा सेटअप आणि ५२ कट, हे आकडे इतके प्रसिद्ध आहेत की या एकाच प्रसंगावर निघालेल्या माहितीपटाचं नावच त्या आकड्यांवरून ठेवलं गेलं. सॉल बास यांनी या प्रसंगाचा स्टोरीबोर्ड आधी काढला होता. रक्त म्हणून चॉकलेटचं सिरप वापरलं, कारण चित्रपट कृष्णधवल होता आणि त्या छटेत ते रक्तासारखं दिसणार हे आधीच तपासलेलं होतं. सुरी शरीरात शिरताना जवळजवळ दिसतच नाही, तरी पाहणाऱ्याला ती दिसल्यासारखी वाटते. हा परिणाम योगायोगाने आलेला नाही. प्रत्येक कट कुठे संपणार हे ठरलेलं होतं. तुमचा प्रभाव या मेहनतीचा असता तर फाइलमध्ये दिसला असता. तुम्ही घेतली ती फक्त किंकाळी.

आता तुमच्या दचकवण्याकडे येतो. एकाही फिल्ममध्ये जंप स्केअर चुकलेला नाही, म्हणजे प्रत्येकीत तो आहे. दार उघडतं, मोठा आवाज होतो, पडद्यावर विद्रूप चेहरा येतो. कुणी दचकलं तर ते त्या आवाजाने. मी तुमच्या मागे उभं राहून टेबलावर डस्टर आपटलं तरी तुम्ही दचकाल. त्यासाठी कॅमेरा लागत नाही, पटकथा लागत नाही आणि तीन वर्षांची पदवीही लागत नाही.

दचकवायचं असेल तर कसं, ते १९४२ च्या ‘कॅट पीपल’मध्ये पाहा. निर्माता व्हॅल लूटन, दिग्दर्शक जाक तुर्नर, आणि हाताशी पैसा अगदी थोडा. एक बाई रात्री निर्जन रस्त्याने चालली आहे. तिच्या पावलांचा आवाज येतो. मागून आणखी एका बाईच्या टाचांचा आवाज येतो. मग मागचा आवाज एकदम थांबतो. ती वळून बघते, तर कुणी नाही. ती पावलं उचलते, घाबरते, आणि आपणही डाव्या बाजूला काही येतं का, उजवीकडे काही आहे का, ते शोधू लागतो. त्याच क्षणी फुसकारा टाकत एक बस फ्रेममध्ये घुसते. बस! नुसती सार्वजनिक वाहतुकीची बस. तरी प्रेक्षक खुर्चीतून उठायचे. आजही चित्रपटाच्या धंद्यात अशा दचकवण्याला त्या बसचंच नाव आहे. तिथे काम झालं ते बसच्या आधी. आवाज सुरू करणं, तो थांबवणं, शांततेत प्रेक्षकाला एकटं सोडणं, आणि अनपेक्षित दिशेने भलतीच वस्तू आणणं. तुमच्या फिल्ममध्ये बस आहे, तिच्या आधीचा रस्ताच नाही. तो रस्ता स्टोरीबोर्डमध्ये बांधायचा असतो, आणि स्टोरीबोर्ड तुम्ही शूटिंगनंतर काढलात.

दुसरी गोष्ट भुताची. तुमच्या भुताला नियम नाहीत. एका फिल्ममध्ये ती बाई भिंतीतून आरपार जाते आणि पुढच्याच प्रसंगात दारावर थाप मारते. भिंतीतून जाता येत असेल तर दार कशाला ठोठावलं? एका ठिकाणी देवघरातली घंटा वाजली की ती पळते, आणि शेवटी त्याच देवघरात उभी राहते. तुम्हाला वाटतं भुताला काहीही करता येतं म्हणून ते भीतिदायक असतं. नेमकं उलटं आहे. काहीही करता येणाऱ्या गोष्टीची प्रेक्षकाला भीती वाटत नाही, कारण पुढे काय होणार याचा अंदाज बांधण्याचं त्याचं काम तिथेच संपतं.

‘लाइट्स आउट’ नावाची छोटी फिल्म स्वीडनच्या डेव्हिड सँडबर्ग यांनी २०१३ मध्ये केली. लांबी तीन मिनिटांपेक्षा कमी. भूमिका त्यांच्या पत्नी लोट्टा लोस्टेन यांची, चित्रीकरण स्वतःच्या घरात, खर्च नावाला. नियम एकच: दिवा बंद असला की आकृती दिसते, लावला की नाहीशी होते. हा नियम पहिल्या काही सेकंदांत बटण खालीवर करून समजावला जातो आणि नंतर सगळी भीती त्याच्याच पोटातून निघते. त्या तीन मिनिटांवरून २०१६ मध्ये पूर्ण लांबीचा चित्रपट झाला. आपल्याकडचं उदाहरण हवं असेल तर २०१८ चा ‘तुंबाड’ घ्या, नारायण धारपांच्या कथेच्या प्रेरणेतून आलेला. पिठाचं रिंगण आखलं की त्यातला राक्षस हस्तर ते ओलांडत नाही, कणकेची बाहुली दिसली की तो तिच्याकडे झेपावतो. हा नियम समजल्यावर विहिरीत उतरलेल्या माणसाच्या हातातली कणीकसुद्धा आपण श्वास रोखून बघतो. आणि त्या नियमाच्या मागे लोभ आहे. मोहरा मिळतात म्हणून माणूस पुन्हा पुन्हा त्या विहिरीत उतरतो. राक्षस काढून टाकला तरी लोभाची गोष्ट उरते. तुमच्या फिल्ममधून भूत काढलं तर काय उरतं? चार मुलं एका फ्लॅटवर आली आणि परत गेली.

भूत म्हणजे बाईच, हेही तुम्ही गृहीत धरलंत. पांढरी साडी, मोकळे केस, पैंजण. मी एका गटाला विचारलं, ही कोण? उत्तर आलं, ‘सर, तिला सासरच्यांनी जाळलेलं असतं.’ पटकथेत ते एका वाक्यात उरकलेलं आहे. जाळलेल्या सुनेची हकीकत या महाराष्ट्रात कितीतरी घरांनी भोगली आहे, आणि तुम्ही ती मेकअपचं कारण म्हणून वापरलीत. तिच्यावर काय गुदरलं याचा एक क्षणही फिल्ममध्ये नाही. विशाल फुरिया यांचा ‘लपाछपी’ पाहा, २०१७ मध्ये चित्रपटगृहांत आलेला. उसाच्या फडात अडकलेलं घर, पोटात मूल असलेली बाई, आणि मारल्या गेलेल्या मुली. तिथे भूत येतं ते समाजाने केलेल्या पापाचा हिशेब मागायला. दिवसाढवळ्या, उसाच्या पात्यांच्या सळसळीत भीती वाटते, कारण त्या मुलींना कुणी मारलं हे आपल्याला ठाऊक असतं. त्याच दिग्दर्शकाने पुढे २०२१ मध्ये तीच गोष्ट हिंदीत ‘छोरी’ म्हणून केली. मराठीतल्या कथेला बाहेर मागणी आली ती तिच्यात म्हणणं होतं म्हणून.

याच मुद्द्यावर आणखी एक गोष्ट, आणि ती मी ठणकावून सांगणार आहे. दोन फिल्ममध्ये मानसिक आजार असलेली मुलगी दाखवली आहे आणि तिला झाड लागलं आहे असं ठरवून एक भगत तिला खांबाला बांधतो, मिरचीची धुरी देतो. शेवटी ती बरी होते. म्हणजे तुमच्या फिल्मचं म्हणणं असं, की भगत बरोबर होता. अंधश्रद्धेविरुद्ध लढणाऱ्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांची हत्या २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात झाली. त्यानंतर काही दिवसांत वटहुकूम निघाला आणि त्याच वर्षी राज्यात जादूटोणाविरोधी कायदा झाला. भूत उतरवण्याच्या नावाखाली माणसाला बांधणं, मारणं, चटके देणं, धुरी देणं हे त्या कायद्याच्या अनुसूचीत अगदी सुरुवातीला आहे. भयपट काढायला कायद्याची आडकाठी नाही. रत्नाकर मतकरी आणि नारायण धारप यांनी आयुष्यभर भयकथा लिहिल्या आणि वाचकांना रात्रभर जागवलं. पण आजारी माणसाला दोरीने बांधणं हा उपाय आहे, असं पडद्यावर सांगणं वेगळं. ज्या गावात आजही असं घडतं, तिथल्या कुणी तुमची फिल्म मोबाइलवर पाहिली तर तो काय शिकेल, याचा विचार माध्यमाच्या विद्यार्थ्याने करायचा नाही तर कुणी करायचा? त्या दोन गटांनी शेवट बदलायचा आहे. त्यावर चर्चा नाही.

आता तंत्राकडे. आवाज तुम्ही वाऱ्यावर सोडला आहे. इंटरनेटवरून उतरवलेला तोच तो घरघरणारा ध्वनी चार फिल्ममध्ये आहे. तो कुणाचा, वापरायला परवानगी आहे का, हे एकाही श्रेयनामावलीत नाही. संवादांच्या मागे पंख्याचा आवाज एका शॉटमध्ये आहे आणि पुढच्यात नाही, त्यामुळे प्रत्येक कट कानाला टोचतो. शूटिंग संपल्यावर सगळ्यांना गप्प उभं करून त्या खोलीचा रिकामा आवाज मिनिटभर रेकॉर्ड करा, हे मी वर्गात सांगितलं होतं. ते एकाने केलं असतं तरी एडिट वाचला असता.

आवाजाची मेहनत काय असते ते १९४९ च्या ‘महल’ने दाखवलं आहे. कमाल अमरोहींचा चित्रपट, बॉम्बे टॉकीजचा, छायालेखन जोसेफ वर्शिंग यांचं, संगीत खेमचंद प्रकाश यांचं. त्यातल्या त्या प्रसिद्ध गाण्यात आवाज लांबून जवळ येतो असं वाटायला हवं होतं. आजच्यासारखी सोय नव्हती. मायक्रोफोन खोलीच्या मध्यभागी ठेवला आणि लताबाई कोपऱ्यापासून गात गात चालत त्याच्याजवळ आल्या, ही आठवण प्रसिद्ध आहे. अंतर कानाला जाणवावं म्हणून गायिका स्वतः चालत आली. तुमच्या हातातल्या मोबाइलमध्ये त्या काळच्या सगळ्या स्टुडिओपेक्षा जास्त सोयी आहेत, आणि तुमची भुताची हाक खोलीच्या आतून आली की गच्चीवरून, हे कळत नाही.

छायाचित्रणाचं एकच सांगतो, कारण ते जवळजवळ सगळ्या गटांत चुकलं आहे. कॉरिडॉरच्या शॉटमध्ये आडवे काळे पट्टे सरकताना दिसतात. एका अहवालात ते ‘भुताची चाहूल दाखवण्यासाठी मुद्दाम’ असं लिहिलं आहे. ते मुद्दाम नाही. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची आहे, त्यामुळे जुनी ट्यूबलाइट सेकंदाला १०० वेळा लुकलुकते. मोबाइल स्वतःच्या मर्जीने ३० फ्रेम आणि १/६० शटरवर चालला, की ते गणित जुळत नाही आणि पट्टे येतात. २५ फ्रेम आणि १/५० शटर लावा, पट्टे जातील. रेकीच्या दिवशी मिनिटभर चाचणी शूट केली असती तर हे तिथेच कळलं असतं. तुम्ही रेकी केलीच नाही. आणि चूक झाल्यावर तिला हेतूचं नाव दिलंत. हे दुसरं खोटं पहिल्यापेक्षा वाईट आहे, कारण यात चूक सुधारण्याची वाटच बंद होते.

सुरक्षेबद्दल बोलताना मी आवाज चढवणार आहे. एका गटाने रिकाम्या पडलेल्या इमारतीच्या गच्चीवर रात्री शूटिंग केलं. गच्चीला कठडा नाही. मालकाची परवानगी नाही. घरी सांगितलं होतं, ‘कॉलेजचं काम आहे.’ दुसऱ्या गटाने सिंथेटिक साडी नेसलेल्या मुलीच्या हातात पेटता रॉकेलचा कंदील दिला आणि तिला पळायला लावलं. काही झालं असतं तर तिच्या आईला तुम्ही काय सांगितलं असतं? शॉट सुंदर आला होता, हे? आराखड्यात परवानगीचं पत्र, जागेतल्या धोक्यांची यादी, जबाबदार मोठ्या माणसाचं नाव, सगळ्यांच्या घरचे फोन नंबर हे लागतंच. कंदिलात आज बॅटरीचा दिवा बसवता येतो. यापुढे हा कागद नसेल तर मी फिल्म बघणारही नाही.

आणि आता मूल्यमापन. याच्यावर मला सगळ्यात जास्त बोलायचं आहे, कारण इथे तुमचा आळस पानापानावर दिसतो. ‘आम्हाला खूप मजा आली.’ ‘आम्ही टीमवर्क शिकलो.’ ‘वेळ कमी पडला.’ ‘बजेट नसल्याने हवं तसं करता आलं नाही.’ ही वाक्यं कुठल्याही फिल्मच्या, कुठल्याही सहलीच्या, गणपतीच्या सजावटीच्या अहवालातही तशीच्या तशी चालतील. जे वाक्य कुठेही चालतं ते तुमच्या फिल्मबद्दल काहीच सांगत नाही.

प्रेक्षकांचं मत म्हणून तुम्ही गूगल फॉर्म फिरवलात. कुणाला? आपल्याच मित्रांना. प्रश्न काय? ‘फिल्म आवडली का? भीती वाटली का?’ मित्र हो म्हणणार, तुम्ही त्याचा रंगीत वर्तुळ-आलेख काढणार, आणि पान भरणार. एका फॉर्ममधली उत्तरं फिल्मचा एडिट पूर्ण होण्याच्या आधीच्या तारखेची आहेत. न पाहिलेल्या फिल्मची लोकांना भीती वाटली, असं तुमचा आलेख सांगतो.

मूल्यमापन कसं होतं ते ऐका. ‘सायको’चा एडिट जवळजवळ पक्का झाल्यावर आल्मा रेव्हिल, म्हणजे हिचकॉक यांच्या पत्नी, तो पाहत होत्या. मेलेली दाखवलेली जॅनेट ली श्वास घेताना त्यांना दिसली, अशी हकीकत सांगतात. इतक्या जणांच्या नजरेतून सुटलेलं त्यांनी पकडलं आणि ते काढलं गेलं. त्याच चित्रपटात खुनाच्या प्रसंगाला संगीत नको, असं हिचकॉक यांनी आधी ठरवलं होतं. बर्नार्ड हरमन यांनी तरीही व्हायोलिन आणि इतर तंतुवाद्यांचं ते कर्कश संगीत केलं. ते लावून पाहिल्यावर हिचकॉक यांनी आपलं मत बदललं. एवढा मोठा दिग्दर्शक ‘माझं ठरलं होतं’ म्हणून अडून बसला नाही.

‘जॉज’चं उदाहरण तर तुमच्यासाठीच आहे. १९७५ चा चित्रपट, दिग्दर्शक स्टीव्हन स्पिलबर्ग. यांत्रिक शार्क समुद्राच्या खाऱ्या पाण्यात सतत बिघडायचा. म्हणून तो पहिला तासभर पूर्ण दाखवलाच गेला नाही. पाण्यात ओढली जाणारी पिंपं, पृष्ठभागावरचा पर आणि संगीत यांनी काम भागवलं. अडचण आली तेव्हा योजना पुन्हा मांडली गेली. तुम्ही मात्र अडचणींची यादी करून थांबलात. मग चाचणी खेळात प्रेक्षकांनी पाहिल्यावर स्पिलबर्ग यांना आणखी एक किंकाळी हवीशी वाटली. संकलक व्हर्ना फील्ड्स यांच्या घरच्या पोहण्याच्या तलावात, पाणी गढूळ दिसावं म्हणून त्यात दूध घालून, बुडालेल्या होडीतून बाहेर येणाऱ्या मुंडक्याचा शॉट घेतला गेला. प्रेक्षक किंचाळले. पण त्यानंतर शार्क पहिल्यांदा पाण्यातून डोकं वर काढतो त्या प्रसंगाला येणारी किंकाळी आधीपेक्षा कमी झाली, कारण लोक आता सावध झाले होते. हे स्पिलबर्ग यांनी स्वतः सांगितलं आहे. एका ठिकाणी मिळवलं, दुसऱ्या ठिकाणी गमावलं, आणि का, हे त्यांना कळलं. यालाच मूल्यमापन म्हणतात.

तुमच्याकडेही हे करायची संधी आली होती. वर्गात फिल्म दाखवली तेव्हा एका गटाचं भूत आल्यावर मुलं हसली. सगळा वर्ग हसला. त्या गटाने अहवालात काय लिहिलं? ‘प्रेक्षक परिपक्व नव्हते.’ हसण्याचं खापर प्रेक्षकांवर फोडून हात झटकलेत. लोक हसले कारण त्याआधीच्या शॉटमध्ये भुताच्या पायात स्पोर्ट्स शूज दिसत होते, आणि भूत चालत येताना गाऊनमध्ये अडखळलं. हे तुम्ही पाहिलंच नाही. प्रेक्षक हसतो तेव्हा तो तुम्हाला फुकटात सगळ्यात मोलाची माहिती देत असतो.

याच्या उलटही झालं आहे, आणि तेही तुमच्या लक्षात आलं नाही. एका फिल्ममध्ये दुपारच्या उन्हात घराच्या पडवीतला झोपाळा हलतो. वर कुणी नाही. कॅमेरा स्थिर आहे. आतून आजीचा आवाज येतो, ‘कोण आहे गं?’ आणि झोपाळा थांबतो. तिथे वर्गात एकदम शांतता झाली. मी तुमच्या मागे बसून पाहत होतो. मागच्या बाकावरच्या मुलाने हातातला मोबाइल उलटा करून ठेवला. ती तुमच्या फिल्ममधली खरी भीती. तो शॉट का चालला, उजेड, स्थिर कॅमेरा, आजीचा प्रश्न आणि थांबणं यांतलं नेमकं कशाने काम केलं, यावर अहवालात एक ओळही नाही. भुताच्या मेकअपवर मात्र दोन पानं आहेत. स्वतःच्या हातून चांगलं काय झालं हे ज्याला कळत नाही, तो ते पुन्हा करू शकत नाही.

शेवटची तक्रार ‘आम्ही’ या शब्दाची. ‘आम्ही एडिट केलं’, ‘आम्ही लाइट लावले’. कुणी? प्रत्येक गटात दोघंतिघं राबली आणि बाकीच्यांनी डबा खाल्ला, हे मला माहीत आहे. मूल्यमापन प्रत्येकाने स्वतःच्या निर्णयांबद्दल लिहायचं असतं. मी हा कट इथे का केला, मी कॅमेरा इतका खाली का ठेवला, माझा कोणता निर्णय चुकला. ज्याने काहीच केलं नाही त्याच्याकडे लिहायला काही नसेल, आणि त्याचे गुणही तसेच असतील.

आता काय करायचं ते लिहून घ्या. सगळ्या फायली परत घेऊन जा. स्टोरीबोर्ड शूटिंगनंतर काढला असेल तर पहिल्या पानावर तसं स्पष्ट लिहा. खरं लिहिल्याबद्दल मी गुण कापणार नाही, लपवल्याबद्दल कापीन. मग फिल्ममधला एकच प्रसंग निवडा, दोन मिनिटांचा. त्याचा स्टोरीबोर्ड नव्याने काढा, भुताचा नियम एका वाक्यात लिहा, ध्वनीचा आराखडा वेगळ्या कागदावर मांडा, परवानगी आणि सुरक्षेचा कागद जोडा, आणि माझी सही झाल्यावरच शूट करा. झाल्यावर ती तुमच्या मित्र नसलेल्या लोकांना दाखवा. कॉलेजच्या वाचनालयातले काका, शेजारच्या आजी, कुणीही. ‘आवडली का’ असं विचारू नका. ‘काय घडलं ते सांगा’ एवढंच विचारा. ते पाहत असताना मागे बसा आणि कितव्या सेकंदाला त्यांची मान वळली, कुठे ते हसले, कुठे पुढे सरकले, ते वहीत टिपा. मग चार रकाने करा: मला काय हवं होतं, मी काय केलं, प्रेक्षकाचं काय झालं, आणि पुन्हा करताना मी काय बदलीन. एवढं प्रामाणिकपणे भरलंत तर पंचवीस पानांचा अहवाल लागणार नाही.

तुम्ही तिसऱ्या वर्षात आहात. पुढच्या वर्षी तुमच्यातले काही मालिकांच्या सेटवर सहायक म्हणून उभे राहतील, काही जाहिरातीत जातील, काही बातम्यांत. तिथे मागची तारीख टाकलेला कागद दाखवून कुणी पगार देत नाही. तुमच्यात गुण आहेत, तो झोपाळ्याचा शॉट मी विसरलेलो नाही. म्हणूनच इतकं बोललो. ज्यांच्याकडून काही अपेक्षा नसते त्यांच्या फाइलवर मी गुपचूप सही करून मोकळा होतो.

पुढच्या सोमवारी अकरा वाजता नव्या फायली माझ्या टेबलावर हव्यात. उशीर झालेली फाइल घेतली जाणार नाही. उठा, कामाला लागा.